सल्ला हवा: पोटरी धरते, तरी बाबांना चालवायचं का?

जाईचा_वेल:
बाबा ६४, एसटीतून निवृत्त. विड्या दोन वर्षांपूर्वी सुटल्या. शुगर नाही. दीडशे-दोनशे पावलांवर उजवी पोटरी गच्च धरते, दोन मिनिटं उभं राहिलं की सुटते. लाज वाटते म्हणून टपरीपाशी थांबून पेपर वाचल्याचं नाटक करतात. एबीआय (घोट्याचा रक्तदाब दंडाच्या किती पट आहे तो आकडा) ०.६५ आलाय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि चाला. आत्या म्हणते, दुखणारा पाय झिजवू नका. कुणाचं ऐकू?

पायवाटकर:
डॉक्टरांचं. मी फिजिओ आहे. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी असला की पायाची धमनी चोंदलीय असं धरतात. आधी हृदय तपासून घ्या, कारण असेच अडथळे तिथेही असू शकतात. मग आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ पूर्ण गेली की पुन्हा. थांबे धरून सुरुवातीला अर्धा तास. कळ लागायच्या आतच थांबणारे बरेच असतात, त्यांना फायदा कमी होतो.

टेकडीवाले_नाना:
आमचे मेहुणे तीन महिने चालले, अंतर दुप्पट झालं, पण एबीआय होता तिथेच! मग सुधारलं काय?

पायवाटकर:
नाना, बरोबर हेरलंत. चालून धमनीतला अडथळा जात नाही, सुधारतो तो स्नायू. रक्त कमी मिळत राहिलं की पोटरी बारीक होते, तिच्यात चरबी शिरते, मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) मिळालेला ऑक्सिजनही नीट वापरत नाहीत. शिवाय माणूस दुखतं म्हणून बसून राहतो, त्यानं पोटरी आणखी खंगते. सरावानं केशवाहिन्या वाढतात, आहे त्या रक्तात स्नायू जास्त काम करतो. म्हणून एबीआयचा आकडा नको, सहा मिनिटांत किती अंतर कापलं ते दर महिन्याला मोजा.

माजघर:
गोळ्यांत सिलोस्टॅझॉल (चालताना धरणाऱ्या पायासाठीची गोळी) असेल तर हार्ट फेल्युअर नाही ना, हे डॉक्टरांना विचारा. असेल तर ती चालत नाही.

पायवाटकर:
+१. आणि रात्री पडल्यापडल्या पाऊल दुखलं, बोट काळंनिळं झालं किंवा जखम भरेना, तर चालणं बंद, थेट व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन गाठा. गरम पाण्याची पिशवी तर नकोच.

जाईचा_वेल:
ईसीजी, टूडी इको झाले, डॉक्टरांनी हो म्हटलं. आज पहिली फेरी. बाबा पाचदा थांबले. घड्याळ आत्याच्या हातात होतं, सहाव्यांदा चालायला तिनंच उठवलं.