प्रेसमध्ये बोट गेलं, ७४ दिवस झाले, ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) एक रुपया आला नाही. काय करू?

डावखुरा_नवा:
नमस्कार मंडळी, डाव्या हाताने टाईप करतोय, चुका पोटात घाला. पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, ठेकेदाराकडून. सेकंड शिफ्टला उजव्या हाताची तर्जनी गेली, दोन पेरं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबायची म्हणजे हात आत राहूच नये, पण प्रॉडक्शन निघत नाही म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं, अख्ख्या लाईनला माहीत होतं. सुपरवायझरने बाईकवर बसवून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, मग दुसऱ्या दिवशी ईएसआय दवाखाना. सर्टिफिकेटं वेळेवर मिळतायत पण पैसे नाहीत. ठेकेदाराचा माणूस म्हणतो कागद पाठवलेत, सरकारी काम आहे वेळ लागणारच. ईएसआयच्या ब्रांचला विचारलं तर अपघाताचा रिपोर्टच आलेला नाही. पगार १४,५०० होता, दोन महिन्यांचं भाडं थकलंय, बायकोने दोन घरी पोळ्यांचं काम धरलंय. वकील करू का?

सेंटरिंगवाले_दाजी:
कर की, वाट कसली बघतोस. माझा मेव्हणा स्लॅबवरून पडला तेव्हा आम्ही तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्याखाली थेट लेबर कोर्टात गेलो. महिन्याभरात भरपाई जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला धड कारण नसेल तर वर निम्म्यापर्यंत दंड, आणि तो दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो, म्हणून घाबरतात. ठेकेदार फोन उचलेना तर मूळ मालकाला पार्टी केलं. अर्ज मात्र दोन वर्षांच्या आत टाकायचा.

जुना_युनियनवाला:
दाजी जरा दमानं. तुमच्या मेव्हण्याला ईएसआय नव्हता, याला आहे. ईएसआय लागू असेल तर त्याच अपघातासाठी मालकाकडून त्या कायद्याची भरपाई मागता येत नाही, वकिलाची फी आणि सहा महिने दोन्ही पाण्यात. भाऊ तू आधी पेस्लिप काढ, १४,५०० वर पाऊण टक्का म्हणजे १०९ रुपये कापलेले दिसतील. तो तुझा पुरावा. कामावरच्या अपघाताला किती दिवस वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे, आणि ठेकेदाराने वर्गणी बुडवली असली तरी तो ईएसआय कॉर्पोरेशन आणि त्याच्यातला मामला, तुझा नाही.

दुसरं, ठेकेदाराच्या भरवशावर बसू नकोस. स्वतः लिहून दे: तारीख, शिफ्ट, मशीन, कोण साक्षीदार. एक प्रत मालकाला, एक ब्रांच मॅनेजरला, आणि आपल्या कॉपीवर पोच म्हणजे शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

ईएसआय_क्लार्क_ताई:
मी एका कंपनीत पीएफ-ईएसआयच बघते. तो रिपोर्ट ऑनलाईन भरायला मला दहा मिनिटं लागतात, ७४ दिवस नाही. अडवतात कशाला तर अपघात कागदावर आला की फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार (४८ तास किंवा जास्त कामावर येता आलं नाही तर त्याला कळवावंच लागतं) आणि ती चिकटपट्टी दिसणार!

आता हिशोब. अपघाताचा भत्ता साधारण रोजाच्या ९० टक्के, तुमचा रोज ४८३ धरला तर दिवसाला ४३५, म्हणजे ७४ दिवसांचे बत्तीस हजार तरी अडकलेत. सर्टिफिकेटवर कामावरची इजा असं लिहिलंय की नुसता आजार, ते आजच बघा, कारण आजारपणाला ७० टक्केच मिळतात. पुढे मेडिकल बोर्ड बसेल, तर्जनीची दोन पेरं म्हणजे कायद्याच्या शेड्यूलप्रमाणे कमाईची क्षमता ११ टक्के गेली धरतात, ते ४३५ वर दिवसाला ४८ रुपयांच्या आसपास, पण आयुष्यभर. नोकरी करत असलात तरी. आणि पहिल्या दवाखान्याचा केसपेपर आणा, सगळं तिथे अडतं.

डावखुरा_नवा:
ताई तुमचं ऐकून आज केसपेपर आणला. त्यावर लिहिलंय "घरी दरवाजात बोट सापडलं." मी तेव्हा शुद्धीत होतो पण नाव-पत्ता सुपरवायझरच सांगत होता, मी रुमाल धरून बसलेलो. आता?

ईएसआय_क्लार्क_ताई:
वाटलंच होतं. घाबरू नका. त्या रात्रीची हजेरी, पंचिंगची वेळ आणि दवाखान्यातली वेळ जुळवा. रात्री साडेनऊला शिफ्टमध्ये असलेला माणूस पावणेदहाला घरच्या दारात बोट कसं अडकवेल? हे लेखी द्या, ब्रांच मॅनेजर चौकशी करू शकतो. नाहीच हलले तर सुविधा समागमला (ईएसआयची तक्रारी ऐकायची बैठक) जा, नाहीतर सीपीग्रामवर (केंद्र सरकारचं तक्रारीचं पोर्टल) तक्रार टाका, आणि शेवटी ईएसआय कोर्ट आहेच.

जुना_युनियनवाला:
भत्ता चालू असताना कामावरून काढता येत नाही तेही लक्षात ठेव, धमकी देतीलच. शेजारच्या प्रेसवर कोण होतं?

डावखुरा_नवा:
होता एक, यूपीचा पोरगा, त्यानेच मशीन बंद केलं. सही द्यायला तयार आहे म्हणतो पण तोही ठेकेदाराचाच.

जुना_युनियनवाला:
मग त्याची सही शेवटी घे. आधी पंचिंगचा रेकॉर्ड काढ, आजच, उद्या तो पण "सापडत नाही" होईल.