आईला बोट लागते, तरी बेटावरच्या सहलीला न्यायचं आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अकराजण पुढच्या महिन्यात समुद्रकिनारी सुट्टीला चाललो आहोत. त्यातला एक दिवस बोटीचा ठरलाय. बेटाजवळ नांगर टाकायचा, ज्यांना पोहता येतं ते पाण्यात उतरून प्रवाळ बघणार, बाकीचे बेटावर बसणार, संध्याकाळी परत. सगळे खूश आहेत. माझा जीव मात्र आईत अडकलाय.

आई ६८ वर्षांची. चालती-फिरती आहे, पण तिला बोट लागते, आणि थोडीथोडकी नाही. मागच्या वेळी निघून वीस मिनिटं झाली नाहीत तोच तिचं बोलणं थांबलं. बाकाची लोखंडी पट्टी तिने दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की उतरल्यावरही तळव्यांवर वळ होते. चेहरा पांढराफटक, वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि विचारलं की एकच उत्तर, "मला काही होत नाहीये, तुम्ही समुद्र बघा." मग उलट्या सुरू झाल्या त्या थेट किनारा येईपर्यंत. गोळी मी तेव्हा दिली, तीही लगेच बाहेर आली.

यंदा तिने स्वतःच सांगून टाकलं, "मी थांबते खोलीवर, तुम्ही जाऊन या." आयुष्यभर ती अशीच मागे थांबून आमच्या पिशव्या सांभाळत आली. या वेळी तिला बेट दिसलंच पाहिजे.

स्पीडबोट घ्यावी की मोठी कॅटमरान (शेजारी-शेजारी दोन तळ जोडलेली बोट)? भाऊ म्हणतो, स्पीडबोट लवकर पोचवते, म्हणजे त्रासही कमी वेळ. सकाळची फेरी बरी की दुपारची? आणि गोळी कोणती, कधी द्यायची? (आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. हाडं ठिसूळ झाल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं, त्याचंही औषध आहे. याचा बोटीशी संबंध नसावा, पण सांगून ठेवते.) भाच्यासाठी लाइफ जॅकेटचंही सांगा, तो ६ वर्षांचा आहे.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही कंसात टाकलेली गोष्ट आधी बघा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्पीडबोट लाटेवरून उडते आणि दाणकन पाण्यावर आदळते. तो हिसका बसलेल्या माणसाच्या माकडहाडातून सरळ मणक्यात जातो. यात मणके दबून फ्रॅक्चर होतात, धडधाकट माणसांचेही, आणि पुढच्या टोकाला बसलेल्यांना धोका सर्वांत जास्त. ठिसूळ हाडांच्या बाईंना मी स्पीडबोटीत बसवणारच नाही. उलटीने एक दिवस वाया जाईल, मणका दबला तर महिनोन् महिने दुखणं. भावाला हे नीट समजावून सांगा.

कॅटमरानला दोन तळ असल्याने ती कुशीवर कमी डोलते. उशीर लागू दे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मला स्वतःला बोट लागते, म्हणून बाकीचं सांगतो.

फेरी सकाळचीच घ्या. दिवस चढतो तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा सुटतो. दुपारी तो जोरात असतो, पाणी खवळतं. परतीची वेळही विचारून घ्या, लोक हे विसरतात आणि येतानाच हाल होतात.

आईंना मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसवा, तोंड बोट जाते त्या दिशेला. मध्यभागी हेलकावे सर्वांत कमी. पण बंद केबिनमध्ये नको आणि इंजिनाच्या धुराजवळही नको. कान सांगतो आपण हलतोय, डोळ्याला समोरची भिंत स्थिर दिसते, या गोंधळातून मळमळ होते. म्हणून नजर क्षितिजावर. मोबाइल, पुस्तक अजिबात नको. उपाशीपोटी नेऊ नका, हलकं काही खाऊ द्या.

गोळी निघायच्या तासभर आधी. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट सहसा देतात, दोन्हींनी झोप येते. चालू औषधं आणि काचबिंदू असल्यास तेही सांगून डॉक्टरांना विचारा. आधी एकदा घरीच देऊन बघा, किती गुंगी येते ते कळेल. गुंगीत पाण्यात उतरायचं नाही.

भाच्याचं जॅकेट वजनावरून घ्यायचं, दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. घालून झालं की खांद्याकडून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. दंडावरचे हवेचे फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मणक्याचं वाचून अंगावर काटा आला. मागच्या वेळी आम्ही तिला मुद्दाम सगळ्यांत पुढे बसवलं होतं, वारा लागेल म्हणून.

भावाला पहिला प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. तो गप्प झाला, आणि स्वतःच फोन करून सकाळची कॅटमरान ठरवली. परत दुपारी एकच्या आत निघणार. डॉक्टरांकडे उद्या जातोय.

एकच राहिलंय. आईच्या गुडघ्यांना शिडी झेपत नाही. धक्का नसलेल्या बेटावर बोटीतून उतरताना काय करतात? कोणी वयस्कर माणसांना उतरवलं असेल तर कृपया नक्की सांगा, म्हणजे बोटवाल्यांशी आधीच बोलून ठेवता येईल.