उबर-लिफ्टवाल्यांना मैलागणिक विमा परवडतो का?

मैलागणिक विमा म्हणजे गाडी जितके मैल पळेल तितका हप्ता. ‘गाडी कमी पळवा, हप्ता वाचवा’ हे त्याचं गणित रेल्वेने ऑफिसला जाणाऱ्याला ठीक. पण अमेरिकेत उबर-लिफ्ट या टॅक्सी-ॲपवर गाडी दिवसाला 150 मैल सहज पळते. मैलाला 6 सेंट धरले तरी रोजचे 9 डॉलर, वर महिन्याचा ठरलेला आकार वेगळाच.

खरी गोम पुढेच आहे. ॲप चालू, पण भाडं मिळालेलं नाही, ही मधली वेळ. भाडं स्वीकारलं की बहुतेक राज्यांत उबर-लिफ्टचं 10 लाख डॉलरचं विमा कव्हर लागू होतं, पण तेही समोरच्याच्या नुकसानीसाठी. त्याआधी ते बरंच तुटपुंजं, आणि तुमच्या चेपलेल्या बंपरला काहीच नाही. तुमच्या गाडीची स्वतःची खासगी पॉलिसी तर अशा वेळी बहुधा हात वर करते! तेव्हा आधी विमा कंपनीला ‘राइडशेअर एन्डॉर्समेंट (ॲपवर भाडी मारतानाही पॉलिसी लागू ठेवणारी जोड) देता का?’ हे विचारा. तोंडी नको, ईमेलवर.