घरच्या फोटोंना मोठा एसएलआर हवा की छोटा कॅमेरा? माझा मोठा तर कपाटातच राहतो

नाशिककर:
दोन महिने हेच डोक्यात घोळतंय म्हणून सविस्तर लिहितो. मुलगी झाली तेव्हा नायकॉनचा डी ७२०० घेतला होता, म्हणजे एसएलआर, आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, सोबत १८-१४० मिमीची झूम लेन्स. बॉडी बॅटरीसकट ७६५ ग्रॅम, लेन्स ४९० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो गळ्यात. बारशाचे आणि पहिल्या बोरन्हाणाचे फोटो इतके सुंदर आलेत की अजून बघताना भरून येतं, बोरं नि चुरमुरे डोक्यावरून खाली येतायत आणि ही तोंड उघडं टाकून वर बघतेय. पण त्यानंतर कॅमेरा बाहेर निघतो तो फक्त लग्न नाहीतर ट्रिप असली की. रोजच्या घरात नाही.

गेल्या दिवाळीत पहाटे आई अंगणात रांगोळी काढत होती, वय ७४, गुडघे दुखतात तरी खाली बसली होती आणि नात शेजारी बसून ठिपक्यांमध्ये रंग भरत होती. मी आत पळालो, बॅग काढली तर बॅटरी उतरलेली. चार्जर सापडेपर्यंत आई उठून गेली पण. फोनवर एक काढला होता, पण त्या अंधारात फोनने आईचा चेहरा असा गुळगुळीत करून ठेवलाय की सुरकुत्याच गेल्या, ती माझी आई वाटतच नाही.

म्हणून माझं मत आता पक्कं होत चाललंय की घरच्या फोटोंना एसएलआर नको. तो मोठा असतो त्याचं कारणच मुळात आतला आरसा आहे, आरसा वर उचलायला जागा लागते म्हणून नायकॉनच्या एसएलआरमध्ये लेन्सच्या माउंटपासून (लेन्स बसते ते कडं) सेन्सरपर्यंत (फोटो टिपणारी चिप) ४६.५ मिमी अंतर ठेवावं लागतं, सोनीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत तेच १८ मिमी आहे. आणि सोनीचा आरएक्स १०० सारखा एक इंची सेन्सरवाला घेतला तर सगळा मिळून २४० ग्रॅम, सदऱ्याच्या खिशात राहतो. सगळं विकून तोच घ्यावा म्हणतोय. कोणाला वेगळं वाटत असेल तर सांगा, विकायच्या आधी ऐकायचं आहे.

सांगलीकर:
विकू नका!! दोष कॅमेऱ्याचा नाहीये, लेन्सचा आहे आणि थोडा सवयीचा आहे. १८-१४० ही उन्हातली लेन्स. घरात ३५ ला झूम केलं की तिचं अ‍ॅपर्चर ४ च्या पुढेच जातं (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान), मग शटर हळू, म्हणजे जास्त वेळ उघडं, मग पोरगी हलली की फोटो गेला. त्याच बॉडीवर नायकॉनची ३५ एमएम १.८ लावा, २०० ग्रॅमची लेन्स आहे, सेकंडहँड सहज मिळते. निदान पाचपट उजेड आत येतो. आणि वजनही जवळपास ३०० ग्रॅमने कमी होतं हे कोणी बोलतच नाही.

भाऊबीजेचं औक्षण घ्या. खरी परीक्षा तीच. निरांजनाचा उजेड खालून चेहऱ्यावर आलेला असतो, फ्लॅश मारला की तो उजेड मेला, फोटोत नुसतं ताट दिसतं आणि दोन पांढरे चेहरे. मी दिवे थोडे कमी करून १.८ ला, शटर १/१२५ सेकंदावर, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० मध्ये काढतो आणि बहिणीच्या डोळ्यात ज्योत दिसते. हे मला खिशातल्या कॅमेऱ्यात आजवर जमलेलं नाही. शिवाय डोळ्याला लावून बघायची खिडकी! आरशातून येणारा तो खरा उजेड असतो, त्यात उशीर नसतो, पोरं पळताना याचा किती फरक पडतो ते वापरणाऱ्यालाच कळतं.

बॅटरीचं म्हणाल तर डी ७२०० एका चार्जमध्ये हजाराच्या वर फोटो देतो, आरएक्स १०० साधारण सव्वातीनशे. तुमची उतरली कारण महिनोन्महिने पडून होती. छोटा कॅमेरा सहा महिने पडून राहिला तर त्याचीही उतरणारच की.

बोरिवलीकरीण:
सांगलीकर, तुमचं ३५ एमएमचं पटलं, पण तुलना नीट करूया. लोक सेन्सर लहान म्हणजे अंधारात फोटो खराब एवढंच धरून बसतात आणि लेन्स विसरतात. आरएक्स १०० चा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिमी (एक इंची हे नुसतं नाव), फुल फ्रेम म्हणजे ३६ गुणिले २४ मिमीच्या सेन्सरपेक्षा साधारण २.७ पट लहान. त्याची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, १.८ ची. वेगवेगळ्या सेन्सरची तुलना करायला लेन्सचा हा आकडा त्या पटीने गुणतात. १.८ ला २.७ ने गुणलं तर ४.९ च्या आसपास येतं. आता डी ७२०० वर किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी, तुमच्या १८-१४० सारखी) वाइडला ३.५, तो सेन्सर दीडपट लहान, म्हणजे ५.२५. म्हणजे वाइडला दोघांकडे येणारा एकूण उजेड जवळपास सारखाच, उलट छोट्याकडे किंचित जास्तच! ज्यांच्याकडे एसएलआर आहे आणि त्यावर कायम किट लेन्सच आहे (आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं तसंच आहे) त्यांना घरातल्या वाइड फोटोंसाठी त्या वजनाचा काहीच फायदा मिळत नाहीये.

आणि प्रिंट किती मोठी करतो आपण? चार बाय सहा इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम २ मेगापिक्सेलच्या वर लागतात. बारा बाय अठरा, भिंतीवर लावायचा मोठा फोटो, त्यालासुद्धा १९ च्या थोडं वर. आरएक्स १०० मध्ये २० आहेत.

सांगलीकर:
हिशोब बरोबर आहे ताई, वाइडला. आता झूम करून बघा. छोट्याची लेन्स १०० एमएमला ४.९ होते, त्याला २.७ ने गुणा, १३ च्या पुढे गेलं. एसएलआरची किट लेन्स झूमला ५.६ म्हणजे ८.४. आणि शाळेच्या गॅदरिंगला काय करणार? पालकांना मागे बसवतात, स्टेज लांब, पोरगी तिसऱ्या रांगेत कोळीण झालेली. १०० एमएममध्ये ती बोटाएवढी दिसणार. माझ्याकडे साधी ७०-३०० आहे, एसएलआरवर ती ४५० सारखी जवळ आणते. मुलीच्या नाचातला जीभ बाहेर काढून एकाग्र झालेला चेहरा मी विसाव्या रांगेतून काढलाय, तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे.

साताऱ्याची_आई:
मला यात एक वेगळंच सांगायचंय. तुम्ही सगळे उजेडाचं नि झूमचं बोलताय, पण कॅमेरा कोणाच्या हातात असतो? आमच्याकडे एसएलआर होता आणि तो फक्त मला चालवता यायचा. मुलगा नऊ वर्षांचा झाला आणि एक दिवस अल्बम लावताना लक्षात आलं की मी कशातच नाहीये. महाबळेश्वरला नाही, माझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीला नाही, मुलाच्या मुंजीत दोन फोटोत आहे ते पण बाहेरून बोलावलेल्या फोटोग्राफरने काढलेले. माझे वडील आता नाहीत. त्यांच्यासोबत माझा गेल्या दहा वर्षांतला चांगला असा एकही फोटो नाही आणि घरात कॅमेरा मात्र कायम होता.

आता छोटा घेतलाय, टेबलावरच असतो, मुलगा काढतो, सासूबाई पण काढतात. वाकडेतिकडे येतात, डोकी कापली जातात. पण मी आहे त्यात.

सांगलीकर:
ताई, हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझ्याही घरी बायकोसोबतचे माझे फोटो मोजकेच आहेत हे खरं. पण ऑटो मोड एसएलआरलाही असतो. हिरव्या ऑटोवर ठेवून, पट्टा गळ्यात घालून मुलाच्या हातात द्या, माझी दहा वर्षांची मुलगी काढते. आपण ‘पडेल, हात लावू नको’ म्हणत राहतो म्हणून घरातले शिकत नाहीत.

साताऱ्याची_आई:
तेच तर म्हणतेय. ‘पडेल’ असं वाटतं कारण ती वस्तू जड नि महागडी दिसते. सासूबाईंच्या मनगटाला तो पेलतच नाही, त्यांना संधिवात आहे. ऑटो मोडने वजन कमी होत नाही ना.

न्यूजर्सीतून:
मी दोन्ही वापरलेत, माझं मत छोट्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. आईबाबा इकडे सहा महिन्यांसाठी आले होते. मी मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की आई पदर सारखा करून ताठ बसायची आणि बोलणं बंद. बाबा तर सरळ पासपोर्टच्या फोटोसारखे. छोटा काढला तर आईला पत्ताच लागायचा नाही, ती पोळ्या लाटता लाटता नातवाला गोष्ट सांगत राहायची. माझ्याकडे तिचे हसतानाचे जेवढे फोटो आहेत ते सगळे छोट्यावरचे.

छोटा म्हणजे कमी दर्जाचा हा समजही काढून टाका. ओस्कार बार्नाकला दम्याचा त्रास होता, काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा डोंगरात घेऊन फिरणं त्याला झेपत नव्हतं, त्यातून त्याने सिनेमाची ३५ एमएम फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बनवला आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. आज आपण ज्याला फुल फ्रेम म्हणून मान देतो ते ३६ गुणिले २४ मिमीचं माप तिथूनच रूढ झालं. तेव्हाच्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांसमोर ते अगदीच चिमुकलं होतं.

कोल्हापूरचा_पैलवान:
दोन्ही कशाला, चांगला फोन घ्या. खिशातच असतो, काढला की लगेच सगळ्यांना पाठवता येतो.

नाशिककर:
पैलवान, फोन आहेच आणि काढतोच, पण आईच्या सुरकुत्यांचं वर लिहिलंय बघा. आणि फोनवरचे फोटो आम्ही कधीच प्रिंट केले नाहीत, गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये मिसळून जातात. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे निदान कॉम्प्युटरवर वर्षाच्या फोल्डरमध्ये जातात.

रत्नागिरीकर:
कोकणातला अनुभव सांगतो कारण याचा कोणी विचार करत नाही. आमच्याकडे चार महिने हवा अशी दमट की लेन्समध्ये बुरशी धरते. एसएलआरची लेन्स निदान काढून साफ करायला देता येते, नाहीच झाली तर दुसरी घेता येते, बॉडी वाचते. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स कायमची चिकटलेली, त्यात ती बाहेर-आत सरकणारी नळी, सरकताना हवेबरोबर धूळ आत ओढते. माझ्या छोट्याच्या सेन्सरवर असाच कण बसला, प्रत्येक फोटोत आकाशात एक काळा ठिपका, पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही आणि उघडायचा खर्च ऐकून तसाच ठेवलाय. एसएलआरचा सेन्सर मी घरी ब्लोअरने साफ करतो.

दोन्हीतलं काहीही घ्या पण कापडी बॅगेत ठेवू नका, बॅगच ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, त्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. गुलाबी झाल्या की दाणे तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवायचे, गार करून परत डब्यात. गणपती ते दिवाळी हे मी दर पंधरा दिवसांनी करतो, अकरा वर्षं जुन्या लेन्सवर एक डाग नाही.

आणि छोट्याच्या बाबतीत अजून एक, नुसत्या स्क्रीनवाला घेऊ नका. दुपारी बीचवर स्क्रीनमध्ये स्वतःचं तोंड दिसतं फक्त. आरएक्स १०० मध्ये बघायची खिडकी तिसऱ्या मॉडेलपासून आली, २०१४ साली. आधीच्या दोघांत नाही.

बोरिवलीकरीण:
रत्नागिरीकर, धुळीचं अगदी खरं, हा छोट्यांचा मोठा दोष आहे आणि तो मी मान्य करते. मधला रस्ता हवा असेल तर लेन्स बदलता येणारे छोटे बिनआरशाचे बघा, सोनीचा ए ६००० बॅटरीसकट ३४४ ग्रॅम, सेन्सर डी ७२०० एवढाच. पण लेन्स लावली की खिशात मावत नाही, हे पण खरं.

ट्यूबलाइटखाली काढणाऱ्यांसाठी एक, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून १/२५० वगैरे ठेवलं तर कधी फोटो पिवळट कधी काळपट येतो. पोरं शांत बसली असतील तर १/१०० ठेवा.

नाशिककर:
सगळ्यांचे आभार. विकायचं थांबवलं आणि एक प्रयोग केला. मेहुण्याचा छोटा कॅमेरा दहा दिवसांसाठी आणला, मित्राकडून ३५ एमएम आणली, आणि दोन्ही कॅमेरे चार्ज करून फ्रिजवर शेजारी शेजारी ठेवले. घरात सगळ्यांना सांगितलं, ज्याला जो वाटेल तो उचला, पडला तर पडला.

दहा दिवसांत छोट्यावर २१२ फोटो, एसएलआरवर ३८. छोट्यावरचे निम्मे मुलीने काढलेत, आईने चक्क नऊ काढलेत, त्यातले चार माझे नि बायकोचे जेवतानाचे, असा आमचा फोटो लग्नानंतर पहिल्यांदा बघितला. एसएलआर फक्त मीच उचलला. पण सांगलीकर, तुम्हाला सांगायलाच हवं, संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना आईचा एक फोटो ३५ ने आलाय, मागे सगळा अंधार आणि सुरकुती न् सुरकुती दिसतेय. तो मोठा करून लावणार आहे. त्याच वेळी बायकोने छोट्यावर काढलेला पण चांगला आहे, पण तो हा नाही.

मी अजूनही छोटाच घ्यायच्या मताचा आहे, तिसरं मॉडेल किंवा पुढचं, खिडकीवालं. १८-१४० विकतोय त्यासाठी.

सांगलीकर:
१८-१४० खुशाल विका. बॉडी आणि ३५ ठेवा, आणि मित्राची लेन्स परत द्यायच्या आधी स्वतःची घ्या. फ्रिजवरच राहू दे दोन्ही.

साताऱ्याची_आई:
नाशिककर, आईंनी काढलेले ते चार आधी प्रिंट करा.