मदत हवी आहे : पुणे सोडून इचलकरंजीला बिऱ्हाड हलवावं का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. इचलकरंजी, शिरोळ, हातकणंगले भागातल्या लोकांचा सल्ला हवा आहे. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

नवरा टेक्स्टाइल इंजिनियर, इचलकरंजीच्याच डीकेटीई कॉलेजात शिकलेला. पुण्याजवळच्या एका मिलमध्ये विव्हिंग सांभाळत होता. तिथे गेल्या दिवाळीपासून पगार पुढेमागे व्हायला लागले, मग दोन महिने झालेच नाहीत, शेवटी त्याने राजीनामा दिला. आता त्याच्या कॉलेजमित्राच्या सासऱ्यांनी बोलावलंय. इचलकरंजीजवळच्या यड्रावला त्यांची एअरजेटची (धोट्याऐवजी हवेच्या झोताने सूत फेकणारे माग) शेड आहे, २४ माग, आणखी आणायचा विचार आहे. सगळी शेड बघायला विश्वासाचा माणूस हवाय. पगार पुण्यापेक्षा १५ हजारांनी कमी.

मी अकाउंट्स आणि जीएसटीची कामं करते, निम्मी घरूनच. मुलगी जूनमध्ये पाचवीत जाईल. सासूबाई आमच्याकडे असतात, वय ६८, शुगर आहे आणि मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय. पुण्यात स्वतःचं घर नाही, त्यामुळे भाड्याचा फरक लक्षात घेतला तर पगारातली तूट जवळपास भरून निघते. हिशेब मी दहा वेळा मांडलाय, अडचण हिशेबाची नाही.

मागच्या आठवड्यात जाऊन आलो. नवरा खुशीत, कॉलेजचे दिवस, कुठे काय खायचं वगैरे. मी मात्र बघत होते की दर दोन-तीन बोळांमागे ‘शेड भाड्याने देणे’ची पाटी. एका बोळात तर टेम्पोत माग भरत होते, म्हणजे मागाचे सुटे केलेले बिडाचे भाग. काट्यावर वजन करून, किलोच्या भावात. मालक बाजूला उभा राहून वहीत आकडे लिहीत होता आणि भिंतीपलीकडच्या शेडमध्ये माग खडाखडा चालूच होते. नवरा म्हणतो, हे साधे माग आहेत, ते जाणारच होते, एअरजेटचं वेगळं. मला ते पटतंही आणि नाहीही. गावातला मुख्य धंदाच असा मोडीत निघत असेल तर एका कोपऱ्यातली एक शेड किती दिवस तग धरणार? आणि ती बंद पडली तर त्या गावात त्याला दुसरं काय मिळणार?

शिवाय पाण्याबद्दल फार ऐकलंय. खरं काय ते तिथल्याच माणसांनी सांगावं.

धोटा_बहाद्दर

वहिनी, आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

१९०४ ला विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ होतं म्हणून धंदा रुजला. तेव्हापासून गावाला मंदी नवी नाही. आजोबा म्हणायचे, मंदी नाही असं साल मी बघितलं नाही. पण या वेळचं निराळं आहे, ते खोटं बोलून उपयोग नाही. नोटबंदी झाली, पाठोपाठ जीएसटी आला, सुताचा भाव सकाळी एक संध्याकाळी एक, वीज सवलतीचं दरवेळी नवं त्रांगडं, २७ एचपीच्या आतल्या जोडणीला वेगळी आणि वरच्याला वेगळी. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक (आडवे धागे) मारतो. एअरजेट सहाशेच्या वर जातो. कापडही बिनडागी. व्यापारी कुणाकडं जाणार सांगा. आमचे सोळा माग होते, चार ठेवलेत, तेही वडिलांना करमत नाही म्हणून. बाकी जागा गोडाऊनला दिली.

आता तुमच्या मुद्द्याचं. नवीन माग आला म्हणजे शेड सुरक्षित, असं अजिबात समजू नका. हे माग कर्जावर आणतात. नव्या मागांना सबसिडी देणारी केंद्राची ‘टफ’ योजना २०२२ च्या मार्चला संपली. सबसिडी येणार म्हणून हिशेब धरलेले किती जण नंतर हप्त्यात अडकले ते मी बघितलंय. साधा माग बंद ठेवला तर नुसता गंजतो. एअरजेट बंद ठेवला तर बँक दारात येते.

म्हणून पगार किती हे विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा. शेड स्वतःचं सूत घेऊन कापड विकते, की व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणून देते? आमच्याकडं मजुरीवर विणणाऱ्याला खर्चीवाला म्हणतात. बाजार पडला की पहिला मार त्यालाच. दुसरं म्हणजे मागच्या वर्षाची लाईट बिलं बघायला मागा. माणूस काहीही सांगेल, युनिट खोटं बोलत नाहीत. माग किती महिने उभे होते ते बिलावर दिसतं.

बोळातली_मावशी

पाणी. मी सांगते, कारण माझं अर्धं आयुष्य नळापाशी गेलंय.

पंचगंगा गावाला लागून आहे, पण तिच्यात काय काय मिसळतं ते उन्हाळ्यात नदीवेशीला जाऊन नाकानंच ओळखा. त्यात आमच्या गावचं सांडपाणी पण आलं, उगाच दुसऱ्यांवर ढकलत नाही. कृष्णेचं पाणी मजरेवाडीवरून येतं, त्या पाइपलाइनला गळती लागली की चार-पाच दिवस नळ कोरडा. वारणेची योजना आली तर दानोळीकरांनी विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना मंजूर झाली तर कागल भागातून विरोध. नगरपालिकेची महानगरपालिका झाली २०२२ ला. पाटी बदलली, नळ तोच.

२०१२ ची काविळीची साथ मी बघितली आहे. आमच्या गल्लीत एका घरात तिघं आजारी होते. तेव्हापासून पिण्याचं पाणी आम्ही जारचंच घेतो. घरी आजारी माणूस आहे तर हे हलक्यात घेऊ नका, बाळा. घर बघायला गेलात की एजंटला काही विचारू नका. शेजारच्या बाईला विचारा, पाणी कितव्या दिवशी आणि किती वाजता. आणि टाकी किती लिटरची ते स्वतः वर चढून बघा.

यड्राव मात्र महापालिकेत नाही, शिरोळ तालुक्यातलं वेगळं गाव आहे. तिथलं तिथं विचारा.

कोथरूडचा_कंटाळा

पुण्यात तरी टँकरशिवाय कुठे भागतंय? जा बिनधास्त. निदान सिग्नलला आयुष्य जाणार नाही.

बोळातली_मावशी

@कोथरूडचा_कंटाळा, टँकर आला की पाणी येतं ना तुमच्याकडं? मग झालं.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. @धोटा_बहाद्दर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. लाईट बिलं मागायची म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मित्राचे सासरे, त्यांना असं कसं विचारायचं? मी म्हटलं तू नको विचारूस, मी विचारते. अकाउंट्सवाल्या बाईने बिल मागितलं तर कुणाला वावगं वाटत नाही.

सासूबाईंचं काय करावं? हार्टची तातडी आली तर इचलकरंजीत सोय आहे का?

मिरज_जंक्शन

ताई, साध्या दुखण्याखुपण्याला गावात दवाखाने भरपूर आहेत, सरकारी आयजीएम रुग्णालयही आहे. पण हृदयाचं काही असेल तर माणसं मिरज-सांगलीला नाहीतर कोल्हापूरला पळतात. दोन्ही अंतरं तीस किलोमीटरच्या आसपास. मिरजेत १८९४ साली वानलेस साहेबांनी रुग्णालय काढलं, तेव्हापासून दवाखान्यांचंच गाव झालंय ते. कर्नाटकातूनही पेशंट येतात.

म्हणून मी वेगळंच सुचवते. इचलकरंजीत कशाला राहता? जयसिंगपूर बघा. यड्रावपासून दुचाकीवर जाण्यासारखं आहे, मिरज इचलकरंजीपेक्षा तिथून जवळ येते, आणि मिरज-कोल्हापूर लाइनवर स्टेशन आहे. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव, रस्ते सरळ काटकोनात आखलेले. इचलकरंजीच्या बोळांत ॲम्ब्युलन्स वळवायला जी कसरत होते ती तिथं नाही. जाऊबाईंकडे अनुभव घेतलाय, म्हणून सांगते.

आणि तुमच्या कामाची काळजीच करू नका. या पट्ट्यात लहान कारखानदार इतके आहेत की जीएसटी नीट भरून देणारं माणूस कुणालाही हवंच आहे. त्यात आयकराचं ते ४३बी(एच) कलम आल्यापासून, लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या मुदतीत दिलं नाही आणि वर्षअखेरीसही थकलं तर त्या वर्षी खर्च धरता येत नाही, जो तो आपल्या वह्या तपासून घेतोय. फक्त फी वसूल करताना दम लागेल. इथं कापडाचं पेमेंट उशिरा, म्हणून सगळ्यांचंच उशिरा.

सूनबाई_शहापूर

मी लग्न होऊन ठाण्याहून इथे आले. माझा नवरासुद्धा शेडवर असतो, म्हणून कुणी सांगत नाही ते सांगते. शेड दोन पाळ्यांत चालते, बारा-बारा तासांच्या. मॅनेजर दिवसपाळीला गेला तरी रात्रपाळीचा फोन त्यालाच. कॉम्प्रेसर बंद पडला, बीम (उभ्या सुताचा रूळ) संपला, कामगार आला नाही, कशालाही. आमच्याकडे जेवणाच्या ताटाशेजारी फोन उलटा ठेवायचा नियम केला होता, दोन दिवस टिकला. आणि होळी, छठला यूपी-बिहार-ओडिशाचे कामगार गावी गेले की परत कधी येतील याचा नेम नाही. तेव्हा मालकाचा राग मॅनेजरवर निघतो. सुट्टी, रात्रीचे फोन, कामगार आणायची जबाबदारी कुणाची, हे आधीच बोलून घ्या. नात्यातली नोकरी असेल तर जास्तच.

बाकी माणसं चांगली आहेत. मुलीच्या शाळेची अडचण येणार नाही. बारावीनंतर मात्र पोरं पुण्यालाच पळतात, तेव्हा परत हाच प्रश्न उलटा येईल. आणखी एक, साध्या मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी भरणाऱ्या बायका आता घरकामाला मिळतात. एअरजेटला धोटाच नाही तर कांडी कुठली. तुमच्या सासूबाईंसोबत दिवसभर कुणी हवं असेल तर अशा कुणाला तरी ठेवा, पण पगार पुण्याचा विचार करून द्या.

सिंहगडरोडकर

अपडेट देते. बिलं मागितली. मित्राचे सासरे हसले आणि फाईलच पुढे ठेवली. बहुतेक महिने युनिट सारखे आहेत, पावसाळ्यातले दोन महिने एकदम निम्म्यावर. कारण विचारलं तर म्हणाले, सूत चढलं होतं, व्यापाऱ्याने थांब म्हटलं. म्हणजे @धोटा_बहाद्दर, तुमचा अंदाज बरोबर, बराचसा धंदा मजुरीवरच आहे. स्वतःचं सूत थोडंच. निदान लपवलं नाही. कर्जाचा विषय मात्र त्यांनी चहावर नेला.

धोटा_बहाद्दर

फाईल दाखवली म्हणजे माणूस बरा आहे. कर्जाचं चहावर गेलं म्हणजे कर्ज आहे. चोवीस मागांवर असणारच, त्यात काही गैर नाही. पण आणखी माग आणणार म्हणतात ना, ते मजुरीच्याच जिवावर आणणार असतील तर थोडं थांबा. नवरोबांना आधी एकट्याला येऊ दे. पुढचा पावसाळा त्यांनी शेडवर काढला की पगार कधी होतो ते आपोआप कळेल. तोवर मुलीची शाळा हलवू नका.

सिंहगडरोडकर

घरी तेच ठरलंय. तो पुढच्या महिन्यात रुजू होतोय, आम्ही तिघी पुण्यातच. पगाराची तारीख आणि सुट्टीचं बोलणं झालं, रात्रीच्या फोनचं झालं नाही, @सूनबाई_शहापूर. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन जयसिंगपूर बघून येऊ. तळमजल्यावरचं, स्टेशनच्या फार जवळ नसलेलं घर कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्याच्यासाठी आत्ता यड्राव किंवा खोतवाडीकडे खोलीही हवी आहे, जेवणाच्या डब्याची सोय असेल तर उत्तमच. पाणी कितव्या दिवशी येतं तेही त्यातच लिहा.