‘बूट होणे’ : कर्ता कोण?

प्रश्न : जुन्या संगणकातली हार्ड डिस्क काढून एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे चिपांत माहिती साठवणारे उपकरण) बसवली आणि तिच्यावर विंडोज एक्सपी टाकली. या कामाचे टिपण मराठीत लिहिताना ‘संगणक बूट होत नाही’, ‘एक्सपी बूट होत नाही’ आणि ‘एसएसडी बूट होत नाही’ अशी तिन्ही वाक्ये माझ्या हातून लिहिली गेली. यांपैकी योग्य कोणते? की सरळ ‘सुरू होणे’ म्हणावे?

उत्तर : ‘सुरू होणे’ येथे पुरत नाही. बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरू लागतो, तेव्हा संगणक सुरू झालेला असतो. पण काळ्या पडद्यावर नुसती पांढरी रेघ लुकलुकत राहिली, तर तो बूट झालेला नसतो, म्हणजे विंडोजसारखी प्रणाली मेमरीत येऊन चालू झालेली नसते. दुरुस्तीच्या दुकानात ‘मशीन चालू होतंय, पण बूट होत नाही’ एवढे सांगितले की वीजपुरवठा ठीक आहे हे ऐकणाऱ्याला कळते. हा भेद आपण जपला पाहिजे.

मूळ शब्द पायातल्या बुटाचाच आहे. बूट ओढून चढवता यावा म्हणून त्याच्या मागे जो पट्टा शिवलेला असतो, तो धरून स्वतःच स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून ‘बूटस्ट्रॅप’ हा शब्द संगणकात आला. मराठीने मात्र दोन्ही बूट वेगळे ठेवले आहेत : पायातल्याचे सामान्यरूप होऊन ‘बुटाच्या’ होते, संगणकातला ‘बूटच्या वेळी’ असा न बदलता राहतो.

आता तुमची तीन वाक्ये. बायोस, म्हणजे संगणकाच्या बोर्डावरच असलेला आरंभीचा प्रोग्रॅम, ड्राइव्हवरचा पहिला, ५१२ बाइटांचा सेक्टर (तुकडा) मेमरीत आणतो. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटांतला छोटा प्रोग्रॅम बूटसाठी खूण केलेला (‘ॲक्टिव्ह’) विभाग शोधून त्याच्या बूट सेक्टरकडे सूत्रे देतो, तो एनटीएलडीआर या विंडोज चढवणाऱ्या प्रोग्रॅमला बोलावतो, आणि एनटीएलडीआर एक्सपीचा गाभा (कर्नेल) मेमरीत चढवतो. ही साखळी आरंभीच तुटली, तर ‘संगणक बूट होत नाही’ हे वाक्य योग्य. एक्सपीचे चिन्ह दिसून नंतर निळा पडदा आला, तर मात्र ‘एक्सपी बूट होत नाही’ असेच लिहावे, कारण तेथे संगणकाने आपले काम केलेले असते. जुन्या प्रणालीच्या बाबतीत हे नेहमी घडते : एनटीएलडीआर बायोसच्या मदतीने ड्राइव्ह वाचतो, पण गाभा ताबा घेतल्यावर स्वतःचा ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम) वापरू पाहतो, आणि २००१ च्या एक्सपीत एएचसीआयचा, म्हणजे साटा जोडणीच्या ड्राइव्हशी बोलण्याच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर मुळात नसल्यामुळे ज्या ड्राइव्हवरून आपण आलो तोच तिला सापडत नाही. अशा वेळी बायोसमध्ये साटाची पद्धत आयडीई, म्हणजे जुनी, करावी लागते, किंवा एक्सपी टाकतानाच एफ६ दाबून ड्रायव्हर द्यावा लागतो.

तिसरे वाक्य मला सदोष वाटते. एसएसडी स्वतः बूट होत नसते. ती बूटेबल असते किंवा नसते, आणि ‘एसएसडीवरून’ बूट होते. ‘एसएसडीमधून’ मी टाळतो, कारण ‘डिस्कवर’ लिहिण्याचीच आपली सवय आहे.

पुरवणी प्रश्न : एसएसडीला ‘घन-अवस्था चकती’ म्हणता येईल का?

उत्तर : म्हणू नये. आत फिरणारी चकती नसते, आणि मराठी शाळेत आपण ‘स्थायू, द्रव, वायू’ शिकतो. ‘घन’ म्हटले की आधी घनफळ आठवते. शिवाय या नावाचा रोख पदार्थाच्या टणकपणावर नाही. फिरत्या भागांऐवजी अर्धवाहक चिपांत माहिती साठते, हे त्यातून सांगायचे असते. एसएसडी हाच शब्द राहू द्यावा. तुम्ही तिला स्त्रीलिंगी लिहिले आहे तेही बरोबर : चकती गेली, पण ‘ती हार्ड डिस्क’ म्हणण्याच्या सवयीतून तिचे लिंग मागे राहिले आहे.