डिफ्लेटगेट: हवा काढली की आपोआप गेली?

बाणेरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हा अमेरिकन फुटबॉलचा विषय आहे, त्यामुळे "हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल कसं म्हणता" हा विनोद प्लीज नको, आमच्याकडे बाबा तो दर रविवारी करतात.

माझा क्लायंट बॉस्टनचा. रात्रीचा कॉल सुरू व्हायच्या आधी तिकडची मंडळी दहा मिनिटं गेमवरच बोलत बसायची, मला काही कळायचं नाही म्हणून बघायला लागलो आणि बघता बघता पॅट्रियट्सचा (बॉस्टनवाल्यांची टीम) फॅन झालो. आता झालंय असं की आमच्या टीममध्ये एक जण इंडियानापोलिसला दोन वर्षं ऑनसाइट राहून आलाय, म्हणजे तिथल्या कोल्ट्स टीमचा कट्टर फॅन, आणि परवा हिंजवडीच्या कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला की तुमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडी चीटर आहे, बॉलमधली हवा काढून सुपर बोलला, म्हणजे फायनलला, गेला. यालाच डिफ्लेटगेट म्हणतात.

माझं म्हणणं असं की १८ जानेवारी २०१५ ची ती कोल्ट्सविरुद्धची मॅच आम्ही ४५-७ ने जिंकलो. हाफटाइमला १७-७ होतं, तेव्हा रेफरींनी बॉल तपासले, कमी भरले म्हणून परत हवा भरली, आणि त्या टणक बॉलने दुसऱ्या हाफमध्ये २८-० केलं. मग नरम बॉलचा फायदा झाला कुठे? पण तो ऐकायलाच तयार नाही. तर खरंच कोणी मुद्दाम हवा काढली होती का थंडीने कमी झाली? जाणकारांनी सांगा, सोमवारी परत कँटीनमध्ये बसायचंय.

सदाशिव_पेठी
जिंकलात म्हणून चोरी माफ, हे कुठलं लॉजिक? चिठ्ठी खिशात घेऊन परीक्षेला बसलेला पोरगा चिठ्ठी न बघताही पास झाला असता म्हणून सुपरवायझर त्याला सोडतो का?

आणि जरा बाकीचं पण सांगा की. बॉलमधल्या हवेच्या दाबाचा नियम १२.५ ते १३.५ पीएसआयचा. रेफरीने बॉल तपासून दिल्यावर तुमच्या टीमचा लॉकर रूमचा माणूस बॉलच्या बॅगा उचलून मैदानावर जाताना वाटेत बाथरूममध्ये शिरला, आत १ मिनिट ४० सेकंद होता, कॅमेऱ्यात आहे ते. लघवीला गेलो होतो म्हणे. अहो लघवीला जाताना डझनभर बॉल आत कोण घेऊन जातं? हाच माणूस मेसेजमध्ये स्वतःला "डिफ्लेटर" म्हणवून घ्यायचा. त्यावर सफाई काय, तर वजन कमी करणं या अर्थाने म्हणत होतो! आणि चौकशी चालू असताना ब्रेडीसाहेबांचा मोबाइल फोडून टाकलेला, का तर म्हणे जुना फोन मी नेहमीच फोडतो. आमच्या वाड्यातलं पाळण्यातलं पोर पण यावर विश्वास ठेवणार नाही.

२००७ मध्ये जेट्स टीमच्या कोचेसचे इशारे शूट करताना हीच टीम पकडली गेली, त्यांचा कोच बेलिचिकला ५ लाख डॉलर दंड झाला. तेव्हा संशय घेतला तर लोकांचं काय चुकलं.

गेजवाला_भोसरी
मी वीस वर्षं क्वालिटीत आहे (भोसरी, मग चाकण), त्यामुळे मला बाथरूमपेक्षा गेजमध्ये (दाब मोजायचं यंत्र) जास्त इंटरेस्ट आहे. लीगने चौकशीला नेमलेल्या वकील टेड वेल्सचा २४३ पानांचा रिपोर्ट मी खरंच वाचलाय, लॉकडाऊनमध्ये, बायको म्हणाली काहीतरी उपयोगाचं वाच.

तर ऐका. रेफरी वॉल्ट अँडरसनकडे दोन गेज होते, एकावर लोगो होता आणि एकावर नव्हता, आणि एकच बॉल दोन्हीला लावला तर रीडिंगमध्ये ०.३ ते ०.४५ पीएसआयचा फरक, लोगोवालं जास्त दाखवायचं. बरं, मॅचच्या आधी प्रेशर मोजलं ते कागदावर लिहिलं का? नाही! पॅट्रियट्सचे साधारण १२.५ होते आणि कोल्ट्सचे साधारण १३, हे सगळं आठवणीवर. कुठल्या गेजने मोजलं तेही आठवणीवर. रेफरी म्हणाला माझ्या आठवणीप्रमाणे लोगोवालं, आणि रिपोर्ट म्हणतो नाही नाही, तुम्ही दुसरं वापरलं असणार. म्हणजे त्याची बाकी सगळी आठवण पक्की आणि नेमकी हीच कच्ची.

हे एवढं महत्त्वाचं का? हाफटाइमला पॅट्रियट्सचे ११ बॉल दोन्ही गेजने मोजले, लोगोवाल्याची सरासरी ११.४९ आली आणि दुसऱ्याची ११.११. थंडीमुळे हवा किती उतरायला हवी होती ते लीगच्याच तज्ज्ञांनी काढलं, ११.३२ ते ११.५२. बघा आता तुम्हीच, आधी लोगोवाल्याने मोजलं असेल तर केसच उरत नाही आणि दुसऱ्याने मोजलं असेल तर ०.२ च्या आसपास कमी पडतं, आणि दोन गेजमधला आपसातला फरकच त्याच्या दुप्पट! आमच्याकडे कॅलिब्रेशनचा स्टिकर नसलेलं गेज लाइनवर सापडलं तर ऑडिटर तो लॉटच होल्ड करतो आणि नंतर माझी हजेरी घेतो. इथे या मापावर ब्रेडीला चार मॅच बाहेर बसवलं, टीमला १० लाख डॉलर दंड, वर दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायची पाळी) गेले.

बाथरूमवाला माणूस मलाही सरळ वाटत नाही हो. पण संशय वेगळा आणि माप वेगळं.

फिजिक्स_ताई
मी अकरावी-बारावीला शिकवते, दर वर्षी वायूंच्या धड्याला हेच उदाहरण देते त्यामुळे राहवलं नाही. यात बहुतेक जण एक चूक करतात आणि त्या वेळी मोठमोठ्या लोकांनीही केली होती. गेजवर १२.५ दिसतं म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १२.५ जास्त, बॉलच्या आतला एकूण दाब नाही तो. बाहेरचे १४.७ मिळवा, झाले २७.२. खोलीत साधारण २२ अंश आणि मैदानावर ९ धरा, केल्विनमध्ये २९५ आणि २८२. आता २७.२ गुणिले २८२ भागिले २९५, येतात २६, त्यातून १४.७ परत वजा केले की ११.३. कोणी टाचणीसुद्धा न लावता! ते १४.७ मिळवायचे विसरलात तर उत्तर ११.९५ येतं, आणि मग वाटतं की उरलेली हवा नक्की कोणीतरी काढली.

"मग कोल्ट्सचे बॉल कसे ठीक होते" असं तुमचा मित्र विचारेलच. त्यांचे मुळात १३ ला भरलेले, आणि वेळ संपला म्हणून फक्त चारच तपासले, तेही पॅट्रियट्सचे मोजून झाल्यावर, म्हणजे तोवर ते उबदार खोलीत पडून होते. खोलीत आणलेला बॉल मिनिटामिनिटाला फुगत असतो. शिवाय ओला बॉल हळू तापतो आणि त्या दिवशी पाऊस होता.

गहुंजे_एक्सप्रेस
आपल्याकडे क्रिकेटमध्ये बॉल घासणं म्हणजे कलाच आहे राव. २०१८ ला केपटाउनला सँडपेपर सापडला तर स्मिथ-वॉर्नर एक एक वर्ष घरी बसले, पण तिथे निदान कॅमेऱ्यात पिवळा कागद स्वच्छ दिसला होता. आणि २०१७ ला आपल्या गहुंजेच्या पिचवर आपणच १०५ आणि १०७ ला गुंडाळले गेलो, ऑस्ट्रेलियाच्या ओकीफने १२ विकेट काढल्या, आयसीसीने पिचला "पुअर" म्हटलं. मी तिसऱ्या दिवसाचं तिकीट काढून गेलो होतो, संध्याकाळपर्यंत सगळा खेळ खलास. तेव्हा "आपल्याला हवी तशी वस्तू तयार करून घेणं" कुठपर्यंत चालतं आणि कुठे चीटिंग होतं हे मला तरी अजून कळलेलं नाही.

अमेरिकेत तर प्रत्येक टीम अटॅकला स्वतःचेच बॉल वापरते. पाहुण्या टीमलाही ते २००६ पासून चालतं, आणि ती मागणी करणाऱ्यांत ब्रेडी आणि दुसरा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग दोघंही होते. क्वार्टरबॅकला हवा तसा बॉल घासून पुसून ठेवायचा हे नियमातच बसतं, आरॉन रॉजर्स नावाच्या क्वार्टरबॅकने तर मला टणक आवडतो म्हणून उघड सांगितलेलं. ब्रेडीला नरम आवडायचा, म्हणून तो १२.५ ला, अगदी काठावर. काठावर उभा राहिला की थंडी ढकलतेच.

सदाशिव_पेठी
काठावर उभं राहायला कोणी सांगितलं होतं?

गेजवाला_भोसरी
@सदाशिव_पेठी, बरोबर, मान्य. पण त्याच सीझनला, नोव्हेंबर २०१४ मध्ये, मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत बॉल हीटरजवळ धरून गरम केले गेले, ते पण नियमाबाहेरच, आणि तिथे नुसती समज देऊन सोडलं. आणि पुढच्या सीझनला लीगने ठिकठिकाणी बॉल तपासले, ते आकडे कुठे आहेत? कधी जाहीरच केले नाहीत. थंडीत सगळ्यांचेच उतरतात हे दिसलं असतं ना.

कोर्टाचंही लोक चुकीचं सांगतात. सप्टेंबर २०१५ ला जजने ब्रेडीवरची बंदी उठवली, एप्रिल २०१६ ला वरच्या कोर्टाने २-१ ने परत लावली, पण हवा काढली की नाही हे कोणीच ठरवलं नाही. प्रश्न एवढाच होता की करारानुसार लीगचा कमिशनर (प्रमुख) गुडेलला शिक्षेचा अधिकार आहे का. आहे म्हणाले, विषय संपला.

बाणेरचा_बंड्या
सगळ्यांचे आभार. मी काल संध्याकाळी प्रयोगच केला. भाच्याचा फुटबॉल (पायाने खेळायचा, तोच होता घरात) पंपाने १३ ला भरला आणि फ्रिजमध्ये ठेवला, त्यासाठी दुधाचं पातेलं आणि कोथिंबिरीची जुडी बाहेर काढावी लागली, त्यावरून आईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दोन तासांनी काढला, हाताला चक्क दबत होता, गेज लावलं तर ११.१! खात्री करायला लगेच परत लावलं तर १०.९, कारण सुई घालताना फुस्स करून थोडी जातेच. मग ओट्यावर ठेवला, अर्ध्या तासात १२ च्या वर आला.

फिजिक्स_ताई
छान! फक्त पुण्यात १४.७ घेऊ नका, आपण साधारण ५६० मीटर उंचीवर आहोत, १३.७ धरा. खोलीत २७ अंश आणि फ्रिजमध्ये ५ असतील तर गणिताने ११ येतं. तुमचं अगदी जवळ आलंय.

गेजवाला_भोसरी
गेज कुठलं?

बाणेरचा_बंड्या
ऑनलाइन मागवलेलं, साडेतीनशेचं. सायकलसाठी घेतलं होतं.

ताजा कलम: आज कँटीनमध्ये कोल्ट्सवाल्याला ११.१ चा फोटो दाखवला. तो म्हणाला, फ्रिजमध्ये ठेवायच्या आधीचा १३ चा फोटो दाखव. तो काढायचा राहिलाय.